आठवा भाग आधी

मालिकेतला आठवा भाग, आधीचे सात न वाचता, वाचता येतो का? या लेखात मला एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. प्रश्न लहान आहे. परंतु गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून ज्या बाईची बहुतेक नोकरी झाली, तिला तो पुन्हा पुन्हा विचारला जातो. मी बरीच वर्षे त्याचे एकच उत्तर देत आले, ते म्हणजे 'नाही'. हे उत्तर कसे बदलले, ते क्रमाने सांगते.

प्रथम कामाविषयी थोडे. ग्रंथपालाचे काम पुस्तक देणे आणि परत घेणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. कोणत्या माणसाच्या हाती कोणते पुस्तक केव्हा पडावे, याचा अंदाज बांधणे हा कामाचा मोठा भाग. मालिकांच्या बाबतीत हा अंदाज पुस्तकांकडे पाहूनच येतो. पहिल्या भागाची पाठ मोडलेली असते, पुठ्ठा बदललेला असतो, पाने बोटांनी काळवंडलेली असतात. दुसरा भाग त्याहून बरा. चौथ्या-पाचव्यापासून पुढचे भाग कोरे करकरीत. कोणत्या भागाशी किती वाचकांनी हात टेकले, हे पानांच्या कडा पाहून सांगता येते.

आमच्या ताडकळसच्या वाचनालयात या नियमाला एकच अपवाद होता, 'तमोदुर्गाची गाथा'; तिचे पुढचे भागही पहिल्याइतकेच झिजत. किल्ले, मंत्र, पंख असलेले सर्प आणि राजघराण्यांची वैरे यांनी भरलेली ही लांबलचक कादंबरीमालिका. प्रत्येक नवा भाग आधीच्यापेक्षा जाड. आरंभी नकाशा, नंतर वंशावळ, आणि त्यानंतर 'पूर्वकथा' नावाची दोन पाने. ही पूर्वकथा इतकी आवळून लिहिलेली असते, की ज्याने आधीचे भाग वाचले आहेत त्यालाच ती समजते. म्हणजे तिची ज्याला गरज आहे, त्याला तिचा उपयोग नाही.

वाचनालयात येण्यापूर्वी मी काही वर्षे शाळेत शिकवले होते. पाढे जसे क्रमाने शिकायचे, तशी मालिकाही क्रमाने वाचायची, हे माझ्या अंगी मुरलेले होते. म्हणून मी नियम केला होता. आधीचा भाग वाचून परत केल्याशिवाय पुढचा मिळणार नाही.

या नियमाशी भांडणारा पहिला माणूस एसटीचा एक वाहक. त्याची गाडी गावात थांबली की तो धावत यायचा आणि समोर दिसेल तो भाग मागायचा. मी म्हटले, "अहो, चौथा काय मागता? पहिल्यापासून सुरुवात करा."

तो म्हणाला, "बाई, माज्या गाडीत निम्मी माणसं मधल्याच गावाला चढत्यात. त्यांचा परवास होत न्हाई का?"

मला तेव्हा हा उद्धटपणा वाटला. मी पहिला भागच पुढे केला. त्याने तो घेतला नाही आणि पुन्हा तो आला नाही. एक चांगला वाचक मी गमावला, याची हळहळ अजून आहे.

दुसरा अनुभव एका शेळीने दिला. आमच्या एका सभासदाने पाचवा भाग सासुरवाडीला, राणीसावरगावला नेला. अंगणातल्या शेळीने त्याचे शेवटचे पान खाल्ले. सभासदाने दंड मुकाट्याने भरला. पान मात्र गेले ते गेले. महालाचा दिवाण फितूर आहे, हे नेमके त्याच पानावर उघड होत होते. सहावा भाग येईपर्यंत आमच्या गावात तो दिवाण सज्जन माणूस म्हणून राहिला. सहाव्याच्या आरंभीच त्याला सुळावर दिलेले पाहून गावात केवढा संताप झाला! एखादे पान नसले तरी वाचक थांबत नाही. तो स्वतःच्या मनाने पूल बांधतो आणि कधी कधी चुकीच्या काठावर उतरतो, हे मला तेव्हा समजले. त्यामुळे माझा नियम उलट अधिक पक्का झाला.

आता मुख्य हकिकतीकडे येते.

'गाथा' आमच्याकडे एकेकट्याने वाचली जाई, तशीच वाचनालयाच्या ओसरीवर सर्वांसाठी मोठ्यानेही वाचली जाई. मराठवाड्यातल्या गावांत पोथी वाचण्याची रीत अशी, की एकजण वाचतो आणि दुसरा त्याचा अर्थ सांगतो. मठात श्रावणात अर्थ सांगण्याचे काम मन्मथअप्पांकडे असे. अप्पांचे बाजारात किराणा दुकान. दुपारी गिऱ्हाईक थंडावले की ते वाचनालयात येत. एकदा मी दोन-तीन बायकांना 'गाथा' वाचून दाखवत होते, तेव्हा ते मध्येच बोलले. ती सवय पुढे इतकी रूढ झाली की मी वाचायचे आणि अप्पांनी सांगायचे, हा ओसरीचा रिवाजच झाला.

पुस्तकाची भाषा भारदस्त. मी वाचे, "सेनापती उदयाक्षाने अश्वास टाच दिली आणि तो उत्तर दिशेच्या घाटाकडे निघाला." त्यावर अप्पा सांगत, "मंजे बगा, उदाजीराव आपल्या ताडकळसहून निघाले. अन् तिकडं चुडाव्याच्या टेसनापाशी दुश्मन दबा धरून बसलाय. आता ह्येला काय ठावं?" बायका डोळे मोठे करत. नकाशाकडे पाहण्याची कोणाला गरज पडली नाही.

आठवा भाग सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी दगडूमामा आले. मामांचे सारे आयुष्य मेंढरांमागे गेलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पुरता पिकलेला. कळप मुलाने सांभाळायला घेतला होता आणि मामा घरी बसून होते. त्यांची पत्नी भागाबाई त्यांचा दंड धरून त्यांना ओसरीवर घेऊन आली.

"हितं गोष्ट चालती म्हनं," मामा काठीने पायरी चाचपत म्हणाले. "बसू का?"

"बसा की," अप्पा म्हणाले. "पण मामा, सात भाग होऊन गेल्यात. आता आठवा लागलाय. तुमाला मेळ लागायचा न्हाई."

माझेही मत तेच होते. मी म्हटले, "मामा, नवीन मालिका सुरू होईल तेव्हा बोलावते."

भागाबाई म्हणाली, "बाई, बसू द्या ओ. घरी बसून माजं डोकं खायलेत. थोडा येळ तुमच्या हवाली करते."

मामा बसले. "मला बाकी काई नगं," ते म्हणाले. "फकस्त कोण कुणाचा हाय तेवडं सांगत जावा."

आणि खरोखर त्यांनी दुसरे काही विचारले नाही. मी वाचत होते, "महाराणी हिरण्या महामात्यांकडे दृष्टिक्षेपही न टाकता आसनावरून उठली."

"थांबा बाई. ह्ये महामात्य तिचा कोण?"

"प्रधान हाय तिचा," अप्पा म्हणाले.

"प्रधान असंल. नात्यानं कोण?"

अप्पा अडखळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी वंशावळ उघडली. "चुलत सासरा."

"मंग उठून जाणारच की," मामा म्हणाले. "वाचा फुडं."

दरबाराचे सात भागांचे राजकारण त्यांनी अशा प्रकारे नात्यागोत्यांतून उलगडून घेतले. सेनापती उदयाक्षावर तर त्यांचा विशेष जीव जडला, कारण मिठागराच्या प्रदेशातले लोक आणि त्यांची जनावरे यांना वाचवण्यासाठी तो एकटा लढत होता. "माणसाआदी जितराबाचा इचार करणारा गडी हाय," असे ते म्हणत.

इकडे त्यांच्या डोळ्याचा प्रश्न गंभीर होत चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की आणखी लांबवले तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि मग शस्त्रक्रिया करूनही नजर परत येणार नाही. नांदेडच्या नेत्रशिबिराची गाडी गावात येणार होती, नावही नोंदवलेले होते. परंतु मामांच्या थोरल्या भावाचा डोळा शस्त्रक्रियेनंतर गेला होता. तेव्हापासून त्यांनी दवाखान्याचे नावच टाकले होते. भागाबाई रोज समजावून थकली होती.

शेवटी अप्पांनी तोड काढली. "मामा, ह्ये आठवं पुस्तक पोथी समजून ऐका," ते म्हणाले. "शिबिराच्या आदल्या दिवशी समाप्ती करू. नारळ फोडू, पेढे वाटू. समाप्तीचं पुण्य घ्यायचं अन् दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं. डोळ्याला काई होत न्हाई बगा."

"समाप्ती झाली तर बसतो," मामा म्हणाले. भागाबाईने पदराने डोळे टिपले.

ज्यांना पारायण ठाऊक नाही त्यांच्यासाठी येथे सांगितले पाहिजे. पोथी कधी मृत्यूवर किंवा पराभवावर थांबवत नाहीत. वेळ संपली असली तरी चांगली घटना येईपर्यंत चार ओव्या अधिक वाचतात आणि मगच पोथी गुंडाळतात. शेवटच्या अध्यायात तर ऐकणाऱ्याला काय फळ मिळेल तेच सांगितलेले असते. शेवट मंगल असणार, हे पोथी वाचणाऱ्याच्या हाडीमांसी भिनलेले असते. त्यामुळे मी आणि अप्पा, दोघांनीही आठव्या भागाचे शेवटचे पान आधी उघडून पाहिले नाही. ते पाहावे हे सुचलेच नाही.

समाप्तीच्या दुपारी ओसरी झाडून घेतली. अप्पांनी झेंडूची फुले, नारळ आणि पेढ्यांचा पुडा आणला. मामा धुतलेले धोतर नेसून आले. मी वाचू लागले. उदयाक्ष दरीवरचा साखळीपूल अडवून उभा होता. मिठागराची माणसे, गाडे, कळप एकेक करून पलीकडे जात होते. अप्पांनी पुलावरून आख्खे ताडकळस पार नेले. पलीकडे शेवटचा गाडा पोचला. उजव्या हाताला उरलेली पाने पातळ होत चालली, तसा माझा आवाज मला परका वाटू लागला. मग शेवटचे वाक्य आले. साखळी तुटली आणि उदयाक्ष दरीतल्या धुक्यात दिसेनासा झाला. त्याखाली छापले होते, 'आठवा भाग समाप्त'.

मी पुस्तक मिटले.

"वाचा की," मामा म्हणाले.

"संपलं, मामा."

"संपलं मंजे? त्यो पडला न्हवं?"

"पडला."

"मंग वर कवा येतो?"

अप्पांनी घसा साफ केला. "येतो, येतो. नवव्यात येतो."

"नववा कुटाय?"

"लिहायलेत अजून."

मामांनी काठी हाती घेतली. "भागे, चल. उद्याच्या गाडीला नगं म्हणून सांग."

"आवं, असं काय करायलाव?"

"असल्या जागी पोथी थांबली. ह्याच्यावर डोळा चिरून घिऊ? थोरल्याचं काय झालं, बगितलं न्हाईस का?"

भागाबाई अप्पांकडे वळली. "अप्पा, समाप्तीचं याड तुमीच घातलं ह्येंच्या डोक्यात. आता तुमीच काढा!"

मी आत जाऊन प्रकाशकांच्या कार्यालयात दूरध्वनी केला. नववा भाग केव्हा येणार, असे विचारले. लेखक लिहीत आहेत, असे उत्तर मिळाले. मी म्हटले, "निदान एवढे सांगा, उदयाक्ष जगतो का?" पलीकडचे गृहस्थ हसले. "बाई, ते आम्हाला माहीत असतं तर जाहिरातीत छापलं नसतं का?"

अप्पा माझ्या मागोमाग कपाटापाशी आले होते. हळू आवाजात म्हणाले, "बाई, दोन वळी तुमीच जोडा. खाली नदी होती, पवत काठाला लागला, एवडंच म्हणा. पुस्तक हातात धरा अन् वाचल्यावाणी म्हणा. त्यांना कुटं दिसायलंय?"

"त्यांना दिसत नाही म्हणूनच मला ते करता येणार नाही, अप्पा."

"मान्साचा डोळा जायलाय, बाई!"

पानावर नाही ते वाचायचे नाही, ही वाचणाऱ्याची पहिली अट. दोन खोट्या ओळींनी एका माणसाची नजर वाचत असेल तर ती अट किती मोलाची, हे मला त्या क्षणी ठरवता येत नव्हते. मी पुस्तक छातीशी धरून नुसती उभी राहिले.

ओसरीवर मामा चप्पल शोधत होते आणि भागाबाईशी बोलत होते. "मला येकच कळंना. येवडा दांडगा गडी, आला कुटून त्यो? कुणाच्या पोटचा? समद्यांची नाती सांगितली बाईनी. ह्येच्या मायचं नाव काई सांगितलं न्हाई."

ते खरे होते. आठव्या भागात उदयाक्षाच्या आईचा उल्लेखच नाही. तिची सारी हकिकत पहिल्या भागाच्या पहिल्या प्रकरणात आहे. आम्हा सर्वांना ती इतकी पाठ होती, की मामांना सांगण्याचे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

मी आठवा भाग ठेवला आणि पाठ मोडलेला पहिला भाग काढून बाहेर आले.

"मामा, तुमची पोथी अजून संपलेली नाही," मी म्हटले. "आमची संपली. तुमच्यासाठी सात भाग शिल्लक आहेत. उदयाक्षाचा जन्म ऐकायचा आहे का?"

मामा काठीवर भार देऊन उभेच राहिले. "जल्म? मेल्यावर जल्म?"

"लेखकानं आधी लिहिला होता. तुम्ही ऐकायचा राहिला होता."

"बसा खाली!" भागाबाईने त्यांचे धोतर ओढले. "जल्म हाय म्हणायलेत."

मी वाचू लागले. मिठागरावरून लोकांचा तांडा चालला आहे. वाटेतच एका बाईला कळा येतात. गाड्याच्या सावलीत पासोडी आडवी धरतात. मूल होते, पण रडत नाही. सारा तांडा थांबून राहतो. अप्पांचा आवाज परत आला होता. "मंजे बगा, समदी मान्सं गप. बैलंसुद्दा मान हलविनात." मग सुईण मुलाला पालथे धरून पाठ चोळते आणि ते असे रडते, की पलीकडच्या टेकडीवरचे पक्षी उडतात.

अप्पांनी झेंडूची फुले उधळली. पोथीत जन्माचा अध्याय आला की उधळतात तशीच. बायका हसल्या. भागाबाई हळू आवाजात पाळणा गुणगुणू लागली आणि मी तिच्यासाठी क्षणभर थांबले. पुढे नाव ठेवण्याचा प्रसंग येतो. तो पुरा वाचला.

"मायचं नाव काय म्हणलाव?" मामांनी विचारले.

"रेवा."

"रेवा," ते स्वतःशीच म्हणाले. "हितं थांबवा, बाई. हितं थांबायला हरकत न्हाई."

अप्पांनी नारळ फोडला. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि भागाबाईला विचारले, "गाडी सकाळी कवा येती म्हणली?"

दुसऱ्या दिवशी अप्पा दुकान मुलावर सोपवून त्यांच्यासोबत गेले. मी वाचनालय उघडून बसले होते. कोणी कोणते पुस्तक नेले, ते मला आठवत नाही. दुपार टळल्यावर अप्पांचा दूरध्वनी आला. "बाई, झालं. नीट झालं. पट्टी बांधलीय, अन् नर्सबाईला उदाजीचा जल्म सांगायलेत." इतका हलकेपणा मला नोकरीतल्या कोणत्याच दिवशी वाटला नव्हता.

पुढे मामा ओसरीवर आले ते काळा चष्मा लावून, कोणाचा हात न धरता. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "बाई, तुमी येवड्या बारीक हाव का? आवाजावरनं लय जाड वाटायलाव."

"आता नाव काढू नगा," भागाबाई म्हणाली. "घरी आल्यापासून मला म्हणायलेत, तू लय म्हातारी झालीस."

नंतर डावा डोळाही झाला. त्यांच्यासाठी आम्ही गाथा पहिल्यापासून पुन्हा लावली. तिसऱ्या भागातल्या लढाईत उदयाक्ष वेढला जातो, तेव्हा नव्याने येणाऱ्या बायकांनी श्वास रोखले होते. मामा शांतपणे म्हणाले, "भिऊ नगा. आठव्यापत्तुर मरत न्हाई ह्यो." सगळ्या त्यांच्यावर ओरडल्या. अप्पांनी तर त्यांना ओसरीवरून उठवण्याची धमकी दिली. परंतु मी वाचताना त्यांच्याकडे पाहत असते. तो मुलगा पहिल्यांदा घोड्यावर बसतो, आईशी खोटे बोलतो, मित्राला क्षमा करतो, तेव्हा आम्ही पुढे काय होईल याची वाट पाहिली होती. मामा वाट पाहत नाहीत. ते त्या मुलाला डोळे भरून पाहतात. आम्ही घाईत ओलांडलेली पाने त्यांनी सावकाश ऐकली.

मी आता निवृत्त आहे, ओसरीवर वाचायला मात्र अजून जाते. क्रमाचा नियम मी निवृत्तीपूर्वीच काढून टाकला. नववा भाग अद्याप आलेला नाही. बाकीचे श्रोते लेखकावर रागावले आहेत. मामांची तक्रार नाही, त्यांचे भाग अजून उरले आहेत.

तेव्हा माझे उत्तर असे. आठवा भाग आधी वाचता येतो, परंतु दोन अटींवर. कोण कुणाचा हे सांगणारे माणूस शेजारी असावे, आणि आधीचे भाग हाताशी असावेत. हे उत्तर एका ओसरीवरच्या अनुभवातून निघाले आहे, म्हणून ते सर्वत्र खरे ठरेल असा माझा आग्रह नाही. वाचकांना विनंती आहे, की त्यांनी आपल्या गावच्या वाचनालयातून एखाद्या मालिकेचा मधलाच भाग आणावा, ती मालिका मुळीच न वाचलेल्या माणसाला शेजारी बसवून मोठ्याने वाचावा, आणि तो कोठे अडतो ते स्वतः पाहावे.